गोडोलीच्या अंगणात पडणारा ठिपका

"आरं, आम्ही परळीच्या पुढं आलोय आन ह्यो म्हणतोय तुमी घरी पोचलाय."

तात्यांचा फोन आला तेव्हा मी दुकानात सीसीटीव्हीच्या एका डीव्हीआरमधली धूळ काढत बसलो होतो. 'ह्यो' म्हणजे त्यांच्या पिकअपमध्ये काचेजवळ बसवलेला टॅब. तो मीच बसवून दिला होता, आदल्याच रविवारी, मोठ्या तोऱ्यात. त्यामुळे तक्रार ऐकायची पाळीही माझीच. पुढचे तीन आठवडे नकाशावर आपली जागा दाखवणाऱ्या या एका ठिपक्यामागं गेले. त्यातले पहिले दोन मी चुकीच्या यंत्रावर संशय घेण्यात घालवले, तेही इथं लिहितोय.

तात्या माझे धाकटे चुलते. सौरपंप बसवायची कामं घेतात. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके, आणि काम कुठलंही निघतं: आज परळी खोऱ्यात उरमोडीच्या काठाला, परवा माणमध्ये दहिवडीच्या पलीकडं, मग मधेच पाटण. शेतावर पोचायचं तर पत्ता म्हणजे 'ओढ्याच्या वरच्या अंगाला, चिंचेपासून डावीकडं'. म्हणून पाहणी करणारा माणूस कागदावर शेताचे अक्षांश-रेखांश लिहून आणतो आणि मागून पिकअप पॅनेल घेऊन जाते. इतके दिवस हे फोनवर चालायचं. पण तात्यांचा फोन एकाच वेळी शेतकऱ्यांचे फोन घेतो, पॅनेलचे फोटो काढतो, वाटही दाखवतो, आणि काचेखालच्या उन्हात तापून स्वतःच मंद होतो. शिवाय चाळिशीचा चष्मा. फोनवरचा बारीक नकाशा बघायला तात्या मान पुढं काढायचे आणि शेजारी बसलेल्या हेल्परचा जीव वर जायचा.

घरात एक दहा इंची टॅब पडून होता. लॉकडाऊनमध्ये धाकटीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, फक्त वाय-फायवाला. सिम नसलेल्या कित्येक टॅबमध्ये जीपीएसची चिपच बसवलेली नसते, त्यातलाच हा. (आयपॅडचं तर ठरलेलंच आहे: नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नाही.) घेताना हे कुणी बघत नाही, कारण घरात बसल्याबसल्या नकाशा उघडला की ठिपका बरोबर आपल्या घरावरच दिसतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यातच होता आणि मला तो दिसला नाही.

उपाय सरळ होता: ब्लूटूथचा जीपीएस रिसीव्हर. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, आत स्वतःची बॅटरी. ती आभाळाकडं कान लावते, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकते, आपण कुठं आहोत ते मोजते आणि साधारण सेकंदाला एकदा साध्या अक्षरांच्या काही ओळी ब्लूटूथवरून पाठवते. त्या ओळींना एनएमईए म्हणतात. मुळात बोटींवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ठरलेली ती पद्धत. वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह धरलेत, अंदाज किती भरवशाचा, समुद्रसपाटीपासून उंची. सगळं एका ओळीत, मधे स्वल्पविराम. टॅबवर एक छोटं ॲप त्या ओळी वाचतं आणि टॅबला सांगतं की आपण इथं आहोत. अँड्रॉइडमध्ये यासाठी डेव्हलपर ऑप्शन उघडून त्या ॲपला 'मॉक लोकेशन'चा मान द्यावा लागतो. नाव खोट्या लोकेशनचं, काम खरं पोचवण्याचं.

बिनतारी असण्याचा फायदा गाडीत बसल्यावर कळतो. टॅब ड्रायव्हरच्या नजरेसमोर हवा आणि रिसीव्हर आभाळासमोर. या दोन जागा बहुतेक वेळा वेगळ्या असतात. वायर असती तर ती गिअरभोवती गुंडाळली गेली असती.

रिसीव्हर विकत घ्यायचीही गरज नव्हती. माझ्या खणात एक होता. २००७ च्या सुमाराला पुण्यात नोकरीला असताना मी विंडोज मोबाईलवर चालणारा हातातला छोटा संगणक वापरायचो आणि त्याच्या जोडीला ही डबी. सर्फस्टार थ्री नावाची चिप तेव्हा फार नावाजलेली होती. वीस चॅनेल, म्हणजे एका वेळी वीस उपग्रहांकडं कान; झाडाखालीही उपग्रह सोडत नाही अशी ख्याती. त्या काळात पुणे सोडून साताऱ्याकडं निघालं की माझ्या नकाशात हायवेची एक रेघ आणि बाकी पांढरं. ठिपका त्या पांढऱ्यातून एकटा चालायचा. तरी मी आठवड्याच्या आठवड्याला तो बघत गावाला यायचो. नवीन बॅटरी टाकली आणि डबी चालू झाली, याचाच मला इतका आनंद झाला की पुढच्या प्रश्नांची तयारी राहून गेली.

रविवारी चाचणी घेतली. साताऱ्यात गोडोलीतल्या घरापासून पोवई नाका, राजपथानं मोती चौक, राजवाडा, आणि परत. ठिपका सरळ रस्त्यावरून. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये शिरल्यावर थोडा थबकला, वर आल्यावर सावरला. जमिनीखाली उपग्रह दिसणार नाहीत, ते योग्यच. तात्या म्हणाले, "झ्याक झालं."

मंगळवारी परळीचा फोन आला.

बोगद्यावर आळ

साताऱ्यातून परळीला जायचं तर अजिंक्यताऱ्याच्या पोटातल्या जुन्या बोगद्यातून जावं लागतं. बोगदा ओलांडला की वस्ती संपते, डोंगर जवळ येतात. हेल्परचं म्हणणं असं की बोगदा ओलांडेपर्यंत ठिपका ठीक होता, नंतर एकदम उडी मारून गोडोलीत घरी जाऊन बसला. मग अधूनमधून तिथंच. टॅबमधली बाई 'यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या' म्हणत राहिली.

ऐकताक्षणी माझं निदान तयार: बोगद्यात उपग्रह सुटले, पलीकडं डोंगराच्या आडोशानं पुन्हा धरता आले नाहीत. यात तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नाही. रिसीव्हरला प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची ताजी माहिती घ्यावी लागते आणि तिला तीसेक सेकंद सलग लागतात. झाडं, कडे, वळणं यांत ती मधेच तुटली की पुन्हा वाट बघा. कड्यावर आपटून येणारा संदेश लांबचा रस्ता घेऊन येतो, त्यानंही मोजणी बिघडते. डोंगरात जीपीएस चुकतं हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत असलेलं कारण हाताशी असलं की माणूस दुसरं शोधत नाही.

ॲप एनएमईएच्या ओळी फाइलमध्ये साठवत होतं. संध्याकाळी ती फाइल उघडली तर भलतंच दिसलं. तारीख जवळपास वीस वर्षं मागची! झालं, म्हटलं, डबी म्हातारी झाली, तिला साल आठवत नाही, जागा काय आठवणार.

इथं मी घसरलो, म्हणून जरा थांबून सांगतो. जीपीएसचे उपग्रह तारीख सांगत नाहीत, आठवड्याचा क्रमांक सांगतात. जुन्या संदेशात त्या क्रमांकाला दहाच बिटांची जागा, म्हणजे ० ते १०२३. गणती सुरू झाली ६ जानेवारी १९८० ला. १०२४ आठवडे भरले की आकडा पुन्हा शून्य होतो, मोटारीच्या जुन्या मीटरसारखा. एकदा तो ऑगस्ट १९९९ मध्ये फिरला, दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. १०२४ आठवडे म्हणजे एकोणीस वर्षं आणि सात-आठ महिने. जुना रिसीव्हर तेवढा मागं जाऊन बसतो. पण जागा काढायला त्याला साल लागत नाही, आठवड्यातली नेमकी वेळ लागते. तारीख चुकीची आणि जागा बरोबर, असं आरामात असू शकतं. हे मला वाचून माहीत होतं. त्या संध्याकाळी आठवलं नाही. मी फाइलीतली तारीख बघितली, फाइल बंद केली आणि तात्यांना नवीन रिसीव्हर घ्यायला लावला.

नवा आला. जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ उपग्रहही ऐकणारा. बोगद्याच्या अलीकडं मोकळ्यावर दुप्पट उपग्रह दाखवत होता. पुढच्या मंगळवारी पिकअप पुन्हा परळीला. पुन्हा फोन.

"आरं, ह्यो बी घरीच आला."

या वेळी मात्र मी एक प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "तात्या, घरी म्हणजे नक्की कुठं दाखवतोय? गोडोलीत कुठंतरी, का आपल्याच घरावर?"

"आपल्याच. अंगणात, तुळशीपाशी म्हन की."

पंधरा वर्षांच्या अंतरानं बनलेली दोन यंत्रं. चिप वेगळी, उपग्रह वेगळे. दोघांची चूक एकाच अंगणात पडते. आभाळातून येणारी चूक अशी वागत नाही. कड्यामुळं भरकटलेला ठिपका वीस मीटर इकडं, तीस मीटर तिकडं, दर वेळी नवीन ठिकाणी झोकांड्या खातो. बोगद्यात अडकलेला ठिपका जागच्या जागी गोठतो किंवा अंदाजानं पुढं सरकतो. कित्येक किलोमीटर मागं जाऊन दर वेळी त्याच तुळशीपाशी उभा राहायचं तर कुणीतरी त्याला तो पत्ता सांगत असला पाहिजे.

फाइल शेवटाकडून

त्या रात्री दोन्ही फाइली पुन्हा उघडल्या, आणि या वेळी ओळी कशा आहेत ते न बघता शेवटची ओळ किती वाजताची आहे ते बघितलं. एनएमईएमधली वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. पहिल्या मंगळवारची फाइल सकाळी १०:३६ ला संपत होती. तात्यांच्या फोनची नोंद माझ्या मोबाईलमध्ये १०:५० ची. दुसऱ्या मंगळवारी तेच: फाइल आधी संपलेली, फोन नंतर.

म्हणजे ठिपका तुळशीपाशी उभा होता तेव्हा रिसीव्हरचं म्हणणं टॅबच्या कानावरच जात नव्हतं. आणि शेवटच्या ओळीपर्यंत रिसीव्हर अगदी शहाण्यासारखा बोलत होता. बोगद्यात काही सेकंदांची खाच, पलीकडं पुन्हा आठ-नऊ उपग्रह, जागा रस्त्यावरच. जुन्या म्हाताऱ्याचीसुद्धा. त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

मग ओळी थांबल्या का? दोन्ही दिवशी नकाशा पडद्यावर उघडल्यापासून साधारण तेवढ्याच वेळानं थांबल्या होत्या. बोगदा तिथं योगायोगानं आला. गोडोलीहून निघून बाजारातलं काहीबाही घेऊन बोगदा ओलांडायला जितका वेळ लागतो, तितक्यात टॅब पाठीमागच्या ॲपला झोपवत होता. बॅटरी वाचवण्यासाठी. पडद्यावर नकाशा, रिसीव्हरचं ॲप मागं. टॅबला वाटतं हे कुणी वापरत नाही. रविवारची माझी चाचणी पोवई नाका ते राजवाडा. तेवढ्यात झोप लागण्याइतका वेळच गेला नव्हता.

हे झालं ठिपका का थांबावा याचं उत्तर. तो घरी का जावा याचं नाही.

ज्या टॅबमध्ये जीपीएस नाही तो घरात बसून घर कसं दाखवतो? आसपासच्या वाय-फायवरून. प्रत्येक राउटर आपला एक क्रमांक हवेत सांगत असतो. रस्त्यानं जाणाऱ्या असंख्य फोनांनी तो क्रमांक ऐकलेला असतो आणि त्या वेळी आपण कुठं होतो तेही त्यांना माहीत असतं. त्यातून नकाशावाल्यांकडं कोष तयार होतो: हा क्रमांक ऐकू आला म्हणजे तुम्ही अमुक गल्लीत. राउटर भिंतीला खिळलेला असतो हे त्यात गृहीत.

पिकअपमध्ये टॅबला इंटरनेट मिळावं म्हणून तात्यांनी घरची वाय-फायची डबी आणून ठेवली होती. सिमकार्डवाली, बॅटरीवर चालणारी. दोन वर्षं ती त्यांच्या ओसरीवरच्या खिडकीत होती. अंगणाकडच्या.

राजपथावर शेकडो वाय-फाय. त्या गलक्यात एक डबी 'मी गोडोलीत आहे' म्हणाली तरी बाकीचे तिला खोटं पाडतात. बोगद्यापलीकडं वस्ती संपली, बाकीचे आवाज संपले, उरली ती एकटी डबी. रिसीव्हरचं ॲप झोपलेलं. टॅबनं जो एकच साक्षीदार बोलत होता त्याचं ऐकलं.

एका वेळी एकच

हे सगळं रात्री अकराला सुचलेलं, म्हणून पुराव्याशिवाय तात्यांसमोर जायची छाती नव्हती. आधीच एका रिसीव्हरचे पैसे माझ्या शब्दावर गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये शेजारी बसलो. ठरवलं की एका फेरीत एकच गोष्ट बदलायची.

पहिली फेरी गावातच. पोवई नाक्यावर मी रिसीव्हर सरळ बंद केला. निळा दिवा विझला. तात्यांना म्हटलं, चला. राजपथानं मोती चौकापर्यंत ठिपका आमच्याबरोबर चालत आला. जरा अडखळत, मधेच दुसऱ्या गल्लीत डोकावून, पण आला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग ते नवीन घेतलेलं काय करतंय?" रविवारची चाचणी कशी कुचकामी होती ते तेव्हा मला पुरतं समजलं. मी रिसीव्हर तपासलाच नव्हता. साताऱ्यातल्या दुकानांचे राउटर तपासले होते.

दुसरी फेरी बोगद्यापलीकडं. रिसीव्हर चालू, वाय-फायची डबी बंद, झोपवायची सेटिंग तशीच ठेवलेली. नकाशा आधीच उतरवून घेतलेला होता, त्यामुळे इंटरनेट नसल्यानं वाट दिसायला अडचण नव्हती. काही वेळानं ठिपका थांबला. राखाडी झाला. पण घरी गेला नाही. पिकअप पुढं, ठिपका मागं रस्त्यातच उभा.

तिसऱ्या फेरीत ॲपला बॅटरी बचतीतून मोकळं केलं. प्रत्येक कंपनीच्या टॅबमध्ये ही सेटिंग वेगळ्या बिळात असते; ॲपच्या माहितीत जाऊन 'बॅटरी'खाली 'निर्बंध नाही' अशा अर्थाचं जे असेल ते. डबी अजून बंद. परळी, सज्जनगडाचा फाटा, पुढं ठोसेघरच्या चढापर्यंत ठिपका चाकाखाली असल्यासारखा.

चौथीत डबी पुन्हा चालू केली, कारण खरी परीक्षा तीच. एक-दोनदा ठिपका क्षणभर तुळशीला हात लावून परत आला. रिसीव्हर जागा असूनही टॅब दोघांचं मिसळून ऐकत होता. मग लोकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लोकेशन अ‍ॅक्युरसी' नावाचं जे बटण असतं ते बंद केलं. नाव असं की बंद करायला हात धजत नाही. पण त्याचा अर्थ एवढाच: वाय-फाय आणि मोबाईल टॉवरच्या साक्षी घ्यायच्या की नाहीत. आपल्याकडं आभाळ बघणारा साक्षीदार असताना त्या घ्यायची गरज नव्हती. जुन्या अँड्रॉइडमध्ये याच जागी 'फक्त डिव्हाइस' असा पर्याय असायचा. उड्या थांबल्या.

घाटात एका मालट्रकच्या मागं अडकलो तेव्हा तात्यांना जुनी, जीपीएसची डबी लावून दाखवली. ट्रक माणसाच्या चालीनं चढत होता आणि ठिपका जागचा हलेना. "ह्यो बी झोपला?" नाही, ही त्या चिपची जुनी खोड. गाडी उभी असताना ठिपका आजूबाजूला भटकू नये म्हणून अगदी कमी वेगात ती जागा धरून ठेवते. ट्रकला ओलांडताच ठिपका एकदम उडी मारून आमच्यापाशी आला. नव्या रिसीव्हरला ती सवय नाही. तात्यांना जुनीच आवडली, कारण चहाला थांबलं की ती गप्प बसते.

खटावचं शेत

इथं प्रकरण मिटायला हवं होतं. आठ दिवसांनी पुन्हा फोन, या वेळी तात्यांच्या पोराचा. खटाव तालुक्यात पुसेगाव आणि वडूजच्या मधलं शेत. टॅब त्यांना रहिमतपूर सोडून खाली कऱ्हाड तालुक्यात, मसूरच्या बाजूला न्यायला लागला. "दादा, रिसीव्हर परत बिघडला बघ."

आता मी जरा शहाणा झालो होतो. म्हटलं, गाडी कुठं उभी आहे आणि ठिपका कुठं आहे? दोन्ही कोरेगावात. मग रिसीव्हर बरोबर आहे. तो फक्त तुम्ही कुठं आहात एवढंच सांगतो. कुठं जायचं ते तुम्ही सांगितलंय. काय टाइप केलंस ते वाच.

"सतरा पूर्णांक अडतीस चाळीस, चौऱ्याहत्तर पूर्णांक तेवीस दहा."

पाहणीवाल्यानं कागदावर १७३८.४० आणि ७४२३.१० असं लिहून आणलं होतं. त्यानं ते रिसीव्हरच्या ओळीतून जसंच्या तसं उतरवलं होतं. एनएमईए अंश आणि मिनिटं एकाला एक चिकटवून लिहितं: १७ अंश, ३८.४० मिनिटं. पोरानं अंशानंतर दशांशचिन्ह दिलं आणि १७.३८४० केलं. अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. ३८.४० ला ६० नं भागायचं: ०.६४. म्हणजे खरा आकडा १७.६४००. तसंच ७४ अंश २३.१० मिनिटं म्हणजे ७४.३८५०. दोन्हींतला फरक नकाशावर मांडला तर शेत जिथं आहे तिथून दक्षिणेला अठ्ठावीस आणि पश्चिमेला सोळा किलोमीटर. सरळ रेषेत बत्तीस-तेहतीस. गंमत म्हणजे चुकीची जागासुद्धा जिल्ह्यातच पडते, रस्ता तिकडंही जातो, त्यामुळे टॅबला काही वावगं वाटत नाही. चुकून समुद्रात पडली असती तर निघायच्या आधीच कळलं असतं.

कागदावर आता एक जादा रकाना आहे: 'अंश' किंवा 'अंश-मिनिट'. आणि पोराला एक ओळखण्याची खूण दिली आहे. पाहणीच्या यादीत दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कुठंच साठ किंवा वर दिसत नसतील तर ते दशांश नसून मिनिटं असण्याचा संशय घ्यायचा. एका शेतावरून कळत नाही, दहा-बारा शेतांची यादी असली की लगेच दिसतं.

रोजचं

रिसीव्हर डाव्या कोपऱ्यात, काचेच्या बुडाशी चिकटवलाय. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, त्याच्याआड रिसीव्हर आंधळा होतो. पिकअपची काच साधी आहे, तो प्रश्न आला नाही. सकाळी तात्या आधी रिसीव्हर चालू करतात आणि मग पॅनेलचे दोर आवळतात. तेवढ्या उभ्या वेळात त्याला उपग्रहांची माहिती निवांत मिळते. दुपारी शेतावर गाडी उन्हात लावली की तो काढून सीटखाली टाकायचा. लिथियमची बॅटरी चैत्रातल्या डॅशबोर्डवर भाजायला ठेवायची वस्तू नाही.

माणकडं मोकळ्या माळावर गेलं की फाइलीत भरवशाचा आकडा १ वरून २ होतो. तो 'गगन'चा परिणाम. विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी विमानांसाठी उभारलेली ही यंत्रणा. जमिनीवरची केंद्रं जीपीएसमधल्या चुका मोजतात आणि जीसॅट-८, जीसॅट-१० सारख्या भूस्थिर उपग्रहांवरून दुरुस्त्या पाठवतात. पिकअपला एवढ्या बारकाईची गरज नाही. पण तात्यांना सांगितल्यापासून ते पाव्हण्यांना सांगतात की आमची गाडी विमानाच्या हिशोबानं चालते.

टॅब चालत्या गाडीत हाताळायचा नाही, हे मात्र मी दोनदा बजावलंय. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आलंय की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त वाट बघण्यासाठी, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायचं. पत्ता टाकायचा तो हेल्परनं, गाडी उभी असताना.

वाय-फायची डबी पुन्हा ओसरीवरच्या खिडकीत गेली. काकींची मालिका तिच्याशिवाय अडत होती.

एक गोष्ट सुटली नाही आणि सुटेल असं वाटत नाही. हायवेवर बॉम्बे रेस्टॉरंट चौकाजवळ वर उड्डाणपूल, खाली चौक, बाजूनं सर्व्हिस रोड. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा ठिपक्याची अचूकता पाचेक मीटरची, आणि साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. आपण वर आहोत का खाली, हायवेवर आहोत का शेजारच्या रस्त्यावर, हे नकाशाचं ॲप अंदाजानं ठरवतं आणि तिथं बऱ्याचदा चुकतं. तात्या शेंद्र्याकडून येताना अलीकडंच आवाज बंद करतात आणि वाढे फाटा आला की चालू करतात.